अंश दिसतो, छेद हरवतो

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘नोकरी मिळेल असं वाटतं का?’ असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं. मिळेल. बघू. कठीण आहे. प्रश्न एकच दिसतो म्हणून उत्तरही एकच येतं, पण त्यात किमान चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. मला काम येतं का? माझ्या विद्यापीठाच्या नावाला बाहेर वजन आहे का? माझ्या विषयाला मागणी आहे का? आणि सध्या भरती चालू आहे की थंडावली आहे? अँड्र्यू रॉथवेल, इयान हर्बर्ट आणि फ्रान्सिस रॉथवेल यांनी २००८ साली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी १६ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. विद्यार्थी स्वतःच्या रोजगारक्षमतेकडे कसं पाहतो हे तिने मोजायचं होतं, आणि तिची मांडणी नेमकी याच चार घटकांवर उभी आहे. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासकांनी ती वापरली.

हे चार कप्पे वेगळे ठेवण्याचं कारण व्यवहारातलं आहे. समजा दोन विद्यार्थिनी म्हणतात, ‘फारसं जमेल असं वाटत नाही.’ पहिलीला आपलं काम चोख येतं, पण तिच्या विद्यापीठात भरतीसाठी कुणी फिरकत नाही. दुसरीच्या विद्यापीठात रांग लागते, पण तिने दोन वर्षांत पाठ्यपुस्तकाबाहेरचं एकही काम पूर्ण केलेलं नाही. पहिलीला बाहेरच्या ओळखी आणि थेट अर्ज करण्याची सवय हवी, दुसरीला सहा महिने बसून एक काम तडीस न्यायला हवं. दोघींना एकाच सभागृहात बसवून ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं सांगितलं तर पहिलीला ते आधीच माहीत असतं, आणि दुसरीला ते ऐकून अपायच होतो.

या विषयावरची सार्वजनिक चर्चा मात्र आत्मविश्वासाच्या मापाभोवतीच फिरते. नोकरी देणारे म्हणतात, मुलांच्या अपेक्षा आभाळाला टेकल्या आहेत. शिक्षक म्हणतात, मुलं हुशार आहेत, न्यूनगंडाने मागे पडतात. एकाला हवा कमी करायची आहे, दुसऱ्याला भरायची आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. विद्यार्थ्याचा अंदाज चुकतो, कारण अंदाज बांधायला लागणारी माहितीच त्याला चुकीच्या रूपात मिळते. ती माहिती हातात असलेली संस्था एकच असते, त्याचं विद्यापीठ. तेव्हा विद्यार्थ्याच्या मानसिकतेची दुरुस्ती हाती घेण्याआधी विद्यापीठाने आपला हिशेब दुरुस्त करावा.

अंदाज चुकतो हे आधी मान्य करू, कारण त्याचे पुरावे जुने आणि भक्कम आहेत. नील वाइनस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५८ विद्यार्थ्यांना ४२ घटनांची यादी दिली आणि विचारलं, तुमच्या वर्गमित्रांच्या तुलनेत तुमच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता किती? शिक्षण संपल्यावर मनासारखी नोकरी मिळणं आणि पहिला पगार चांगला असणं या दोन्ही गोष्टी यादीत होत्या. त्या आपल्या बाबतीत वर्गमित्रांपेक्षा अधिक संभवतात, असं विद्यार्थ्यांनी सरासरीने मानलं. वर्गातले सगळेच वर्गाच्या सरासरीच्या वर असू शकत नाहीत, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

अमेरिकेत महाविद्यालयं आणि नोकरी देणाऱ्या संस्था यांची देशपातळीवरची एक सामाईक संघटना आहे. तिने २०१८च्या सुमारास एकाच कौशल्यांबद्दल दोन्ही बाजूंना विचारलं. कामातली शिस्त आणि व्यावसायिक वागणूक आपल्यात आहे असं सुमारे ८९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. नव्याने भरती झालेल्यांमध्ये ती आहे असं मानणारे नियोक्ते सुमारे ४३ टक्के होते. लेखी आणि तोंडी संवादाबाबतही अंतर जवळपास असंच होतं. पण त्याच तक्त्यात एक ओळ उलटी आहे, आणि ती सहसा कुणी उद्धृत करत नाही. डिजिटल तंत्रज्ञान हाताळण्यात नियोक्त्यांनी विद्यार्थ्यांना जे गुण दिले, ते विद्यार्थ्यांनी स्वतःला दिलेल्या गुणांपेक्षा जास्त होते. म्हणजे ‘आजच्या मुलांना फाजील विश्वास आहे’ हे विधान अर्धवट आहे. शिस्त आणि संवाद यांना विद्यापीठात स्वतंत्र गुणपत्रिका नसते, म्हणून तिथे विद्यार्थी स्वतःला उदार हाताने गुण देतो. आणि जे सगळ्या मित्रांना येतं ते विशेष वाटत नाही, म्हणून त्याची बाहेरची किंमत त्याला कळत नाही.

पदवी हातात आल्यावर, शोध सुरू झाल्यावर तरी डोळे उघडतात का? फारसे नाही. अर्थशास्त्रज्ञ योहानेस स्पिनेवाइन यांनी अमेरिकेतल्या बेरोजगारांच्या माहितीचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. नोकरी मिळायला आणखी सुमारे ७ आठवडे लागतील असा लोकांचा सरासरी अंदाज होता, प्रत्यक्षात सुमारे २३ आठवडे लागले. ही माणसं नवखी नव्हती, त्यांनी आधी नोकऱ्या केलेल्या होत्या. अनुभवी माणसाचा अंदाज तिपटीने चुकत असेल तर बावीस वर्षांच्या मुलाला दोष देण्यात काय हशील?

आता त्या मुलासमोर काय माहिती असते ते पाहू. प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकात छापलेला एक आकडा असतो: ‘८५ टक्के प्लेसमेंट’. हा आकडा खोटा असतोच असं नाही. तो बहुतेक वेळा खरा असतो, आणि तरीही दिशाभूल करतो. कसा तयार होतो ते उदाहरणाने बघा. बॅचमध्ये २०० विद्यार्थी आहेत. त्यातले १२० जण प्लेसमेंट कक्षात नाव नोंदवतात. किमान टक्केवारी आणि विषय न राहिलेले असणं या अटी लावल्यावर ८० ‘पात्र’ उरतात. कंपन्यांकडून एकूण ६८ ऑफर येतात. ६८ भागिले ८०, म्हणजे ८५ टक्के. पण या ६८ ऑफर ५२ जणांना मिळालेल्या असतात, कारण काहींच्या हातात दोन-दोन आहेत. त्या ५२ जणांपैकी प्रत्यक्ष रुजू होतात ४४, कारण कुणाची नेमणूक लांबणीवर पडते, कुणाची रद्द होते, कुणी पुढे शिकायला जातो. प्रवेश घेणाऱ्याला खरं तर जाणून घ्यायचं असतं की या वर्गात बसलेल्या २०० जणांपैकी किती जण कामाला लागले. उत्तर ४४, म्हणजे २२ टक्के. ८५ आणि २२ या दोन्ही आकड्यांत गणिताची चूक कुठेच नाही. फक्त छेद बदलला, आणि अंशात माणसांच्या जागी ऑफरची पत्रं मोजली.

२२ हा आकडाही जसाच्या तसा वापरू नये, हे संस्थांच्या बाजूने सांगायला हवं. उरलेल्या १५६ जणांत पुढचं शिक्षण घेणारे, घरच्या व्यवसायात जाणारे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि स्वतःहून नोकरी शोधलेले असतात. ते सगळे अपयशी नाहीत. पण म्हणूनच त्यांची वेगवेगळी मोजणी द्यायला हवी, गाळणी लावून त्यांना छेदातून बाहेर काढणं हा उपाय नव्हे.

पगाराच्या आकड्याचं दुखणं तर ठरलेलं आहे. दहा जणांपैकी नऊ जणांना ४ एकक आणि एकाला ४० एकक मिळाले तर सरासरी ७.६ येते. त्या वर्गात ७.६ कुणालाच मिळालेले नाहीत. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ४ आहे, आणि दहावीत संख्याशास्त्र शिकलेला कुणीही तो काढू शकतो. तरी जाहिरातीत सरासरी छापतात, आणि तिच्या शेजारी मोठ्या अक्षरांत ‘सर्वोच्च पॅकेज’. सर्वोच्च आकडा ही एका व्यक्तीची बातमी आहे, वर्गाबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय त्या आकड्यात एकदाच मिळणारा रुजू होण्याचा बोनस, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग आणि चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येणारे समभाग मिसळलेले असू शकतात. महिन्याला हातात पडणारी रक्कम वेगळी असते.

‘रोजगार’ या शब्दाची व्याख्याही तपासायला हवी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मानकानुसार पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलं तरी व्यक्ती रोजगारात धरली जाते. देशाची अर्थव्यवस्था मोजायला ही व्याख्या सोयीची आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन आठवड्यातून चार तास शिकवणी घेणाऱ्याला ‘कामाला लागला’ म्हणणं मात्र त्याच्या धाकट्या भावंडांची फसवणूक आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेचा भाग असलेली न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक म्हणूनच बेरोजगारीबरोबर दुसरा आकडाही ठेवते. साधारणपणे पदवी लागत नाही अशा कामात असलेल्या २२ ते २७ वयोगटातल्या पदवीधरांचं प्रमाण ती मोजते, आणि गेली अनेक वर्षं ते ४० टक्क्यांच्या आसपास फिरतं आहे. बेरोजगारीचा आकडा याच्या कितीतरी खाली असतो. विद्यार्थ्याची भीती सहसा ‘काहीच मिळणार नाही’ या दिशेने असते. खरा धोका ‘मिळेल, पण शिकलो त्याचं नाही’ या दिशेने जास्त आहे, आणि त्याबद्दल त्याच्याशी कुणी बोलत नाही.

मोजणी कधी केली यानेही चित्र बदलतं. ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीनंतर सुमारे सहा महिन्यांनी पाहणी होत असे. २०१७-१८च्या पदवीधरांपासून ती सुमारे १५ महिन्यांनी होते. सहा महिन्यांनी माणूस हाताला लागेल ते काम करत असतो. सव्वा वर्षाने त्याची दिशा थोडी तरी दिसते. प्लेसमेंटचा हंगाम संपला त्या दिवशी काढलेल्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

इतका सगळा गोंधळ पोटात घेऊन विद्यार्थी स्वतःचा अंदाज बांधतो. मग संस्था त्याच्या मनावर काम करायला घेते. प्रेरणादायी व्याख्यान, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, टाय कसा बांधावा याचं प्रात्यक्षिक. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार स्रोत सांगितले. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते पार पाडताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि आपल्या शरीराची व मनाची त्या क्षणीची अवस्था. यातला सर्वांत पक्का स्रोत पहिला. दुसऱ्याने दिलेला धीर कच्चा, कारण पहिल्याच खऱ्या अपयशाला तो उतरतो. संस्था मात्र सगळा भर तिसऱ्यावर देतात. कारण सरळ आहे: व्याख्यानाला एक सभागृह आणि एक दुपार लागते, तर ६० विद्यार्थ्यांकडून ६० वेगवेगळी खरी कामं पूर्ण करून घ्यायला सहा महिने शिक्षकांचे तास लागतात.

इथे धोरण ठरवणाऱ्यांसाठी एक इशारा. ‘तुम्हाला नोकरी मिळेल असं वाटतं का?’ या प्रश्नाची उत्तरं गोळा करून त्यावर विद्यापीठाचा दर्जा ठरवण्याचा मोह आवरावा. या उत्तरांतून विद्यार्थ्याची फक्त समजूत मोजली जाते. तिच्यावर गुण किंवा अनुदान ठरायला लागलं की ती वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग संस्था शोधणार, आणि तो मार्ग वर्ग सुधारण्यातून जात नाही. पाहणीच्या आदल्या आठवड्यात आणखी एक व्याख्यान ठेवण्यातून जातो.

विद्यापीठ सुधारेपर्यंत विद्यार्थ्याने हातावर हात ठेवून बसावं असं नाही. आपला अंदाज तो स्वतः तपासू शकतो, त्यासाठी लागणारं गणित शाळेतलं आहे.

पहिलं काम जाहिराती वाचण्याचं. आपल्याला हव्या त्या पदाच्या, गेल्या महिनाभरातल्या २० जाहिराती घ्याव्यात आणि प्रत्येकीतली प्रत्येक अट कागदावर उतरवून किती वेळा आली ते मोजावं. जी अट बारा-पंधरा जाहिरातींत आहे ती खरी अट. जी दोन-तीन ठिकाणीच आहे ती बहुधा त्या कंपनीची हौस. मग प्रत्येक खऱ्या अटीपुढे तीनपैकी एक खूण करायची: करून दाखवता येतं, शिकलो आहे पण पुरावा नाही, येत नाही. पुरावा म्हणजे अनोळखी माणसाला उघडून पाहता येईल असं काही: अहवाल, आज्ञावली, आराखडा, भाषांतर, घेतलेल्या तासाचं टाचण. बहुतेकांच्या बाबतीत मधला गट सर्वांत मोठा निघतो. ‘मला काहीच येत नाही’ आणि ‘मला सगळं येतं’ ही दोन्ही विधानं या मधल्या गटातूनच जन्म घेतात, कारण पुरावा नसलेल्या ज्ञानाचं वजन मनाच्या लहरीवर ठरतं. शेवटचं सत्र तिसऱ्या गटातलं नवीन काही शिकण्यात घालवण्यापेक्षा मधल्या गटातल्या दोन-तीन गोष्टींना पुरावा जोडण्यात घालवलेलं बरं.

दुसरं काम अर्जांची वही. तारीख, पद, कुठून कळलं, काय पाठवलं, कुठल्या टप्प्यावर थांबलं. इतकंच. ही वही नसेल तर मन मोजणी करतं, आणि मन नकार मोठे करून मोजतं. समजा तुमच्यासारख्या उमेदवाराला दर अर्जामागे नोकरी लागण्याची शक्यता ५ टक्के आहे. आठ अर्जांनंतर हात रिकामे असण्याची शक्यता ०.९५चा आठवा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. म्हणजे अगदी लायक उमेदवारांपैकीही दोन-तृतीयांश जण आठ अर्जांनंतर रिकाम्या हाती असतील, आणि त्यातले कित्येक जण ‘आपली लायकीच नाही’ असा निष्कर्ष काढून थांबतील. वीस अर्जांनंतर किमान एक नोकरी लागण्याची शक्यता ६४ टक्के होते. ९० टक्क्यांपर्यंत जायला साधारण ४५ अर्ज लागतात. शक्यता २ टक्केच असेल तर त्याच ९० टक्क्यांसाठी ११४. हा फरक कळला की ‘किती अर्ज केले म्हणजे पुरे?’ या प्रश्नाला अंदाजे तरी आकडा मिळतो.

एकही होकार नसताना काय म्हणता येतं, त्यासाठी संख्याशास्त्रात तीनचा नियम आहे. जितके प्रयत्न केले त्या संख्येने तीनला भागायचं. ३० अर्जांत शून्य होकार असतील तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की यशाचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त नाही. शून्य आहे असं म्हणता येत नाही. दहा अर्जांत शून्य असेल तर वरची मर्यादा ३० टक्के येते, म्हणजे जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

या गणिताला एक मोठा ‘पण’ आहे, आणि तो झाकून हे गणित शिकवणारे लोक नुकसान करतात. हे घात तेव्हाच चालतात जेव्हा प्रत्येक अर्ज दुसऱ्यापासून स्वतंत्र असतो. तोच सदोष बायोडेटा शंभर ठिकाणी पाठवला तर ते शंभर प्रयत्न नव्हेत, एकाच चुकीच्या शंभर प्रती आहेत. म्हणून वहीतला टप्प्यांचा रकाना महत्त्वाचा. पंचवीस-तीस अर्जांनंतर एकही बोलावणं नसेल तर गळती कागदावर आहे. एक तर तुम्ही अटीत न बसणाऱ्या जागी अर्ज करताय, किंवा बायोडेटा वाचलाच जात नाही. अनेक कंपन्यांत पहिली चाळणी संगणक करतो. दोन स्तंभांत मांडलेला किंवा तक्त्यात कोंबलेला मजकूर तो कधी उलटसुलट वाचतो, आणि छायाचित्र म्हणून साठवलेल्या पानावरचं तर त्याला काहीच न दिसण्याची शक्यता असते. बोलावणं येतं पण लेखी चाचणीत अडतं, तर कौशल्य कमी पडतंय आणि सराव हाच उपाय. चाचणी पार होते पण पहिल्या मुलाखतीत अडतं, तर बहुधा स्वतःच्याच प्रकल्पाबद्दल ‘हे असंच का केलं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. गटात केलेल्या प्रकल्पांत हे हमखास होतं. आणि शेवटच्या फेरीपर्यंत वारंवार जाऊन हुकत असेल, तर काहीही बदलू नये. जागा एक आणि उमेदवार तीन असताना दोघांना नकार मिळणारच. नेमक्या याच टप्प्यावर मुलं सगळ्यात जास्त खचतात आणि चालू असलेली चांगली पद्धत मोडून टाकतात.

हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्यांचे अंदाज कालांतराने सुधारतात, कारण दुसऱ्या दिवशी पाऊस पडला की नाही ते कळतं. नोकरी शोधणाऱ्याला हा फायदा नाही. बहुतेक अर्जांना उत्तरच येत नाही, आणि आलं तरी कारण सांगत नाहीत. म्हणून प्रत्येक मुलाखतीला जाण्याआधी वहीत एक आकडा लिहावा: पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता किती टक्के? दहा मुलाखतींनंतर बेरीज करावी. दर वेळी ७०च्या आसपास लिहिलं असेल आणि पुढे गेलात तीनदा, तर मुलाखत देण्याइतकीच मुलाखत जोखण्यातही चूक होते आहे. तीसच्या आसपास लिहून सातदा गेलात, तर तुम्ही स्वतःला स्वस्तात विकायच्या तयारीत आहात.

स्वस्तात विकण्याची गोष्ट निघाली म्हणून आमच्या बाजूला अडचणीचा ठरणारा पुरावाही मांडतो. बोस्टन विद्यापीठातल्या व्यवसाय शाखेच्या पदवीधरांवरचा पाच अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थिनींनी मिळालेली नोकरी विद्यार्थ्यांपेक्षा सरासरी सुमारे एक महिना आधी स्वीकारली. विद्यार्थी आपल्या भावी पगाराबद्दल अधिक आशावादी होते आणि जोखीम घ्यायला अधिक तयार, म्हणून ते थांबले. स्त्री-पुरुषांच्या पहिल्या पगारातल्या तफावतीचा एक भाग यातून समजावता येतो. म्हणजे फाजील आशा पैसे मिळवून देऊ शकते. मग अंदाज अचूक करायचा अट्टहास कशाला? आहे तो भ्रम राहू द्यावा की!

या आक्षेपाला वजन आहे, पण तो अर्धाच खरा आहे. थांबल्याने फायदा होतो तो थांबणं परवडणाऱ्याला. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, किंवा ज्याच्या पगाराकडे घर डोळे लावून बसलं आहे, त्याने २३ आठवड्यांच्या शोधाला ७ आठवड्यांचा समजून हातातली नोकरी सोडली तर आठव्या आठवड्यात तो मिळेल ते घेतो, आणि पहिल्या नोकरीपेक्षाही वाईट घेतो. दुसरं, घाईने स्वीकारणाऱ्या विद्यार्थिनीला भ्रमाची नव्हे, नेमक्या माहितीची गरज आहे. मागच्या बॅचमध्ये आणखी दोन महिने थांबलेल्यांना काय मिळालं हे तिला कळलं, तर ती थांबायचं की नाही ते समजून ठरवेल.

‘खरे आकडे दाखवले तर मुलं खचतील’ हा दुसरा आक्षेप विद्यापीठांचा लाडका. आकडा एकटा सोडला तर तो खचवतो हे खरं. २२ टक्के एवढंच सांगितलं तर कुणीही घाबरेल. पण त्याच्या शेजारी ‘ज्यांनी पदवीआधी तीन महिने खरं काम केलं त्यांच्यात इतके, ज्यांनी केलं नाही त्यांच्यात इतके’ असं लिहिलं की आकड्यात करण्यासारखं काही सापडतं. अर्थात, काम करणारे मुळातच अधिक धडपडे असतील आणि फरक त्याचाही असेल, हेही तिथेच लिहावं. विद्यार्थी लहान मूल नाही.

ओळखींचा मुद्दा इथेच येतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, ज्याच्याकडून कळलं त्याला तेव्हा किती वेळा भेटत होतात? वारंवार भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६, क्वचित भेटणारे २७.८. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्याकडे अशा लांबच्या ओळखी कमी असतात, म्हणून त्याचा बाजाराबद्दलचा अंदाज चार वर्गमित्रांच्या गप्पांवर उभा राहतो. माजी विद्यार्थ्यांची यादी हे विद्यापीठाच्या हातातलं सर्वांत मोलाचं साधन. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाची पत्रिका पाठवण्यापलीकडे तिचा उपयोग होताना क्वचितच दिसतो.

आणि चौथा कप्पा, बाजाराचा. तो विद्यार्थ्याच्या हातात नाही, आणि हेच त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. कॅनडातल्या पदवीधरांवरच्या फिलिप ओरिओपुलस आणि सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसली. हा तोटा पाच वर्षांत निम्म्यावर आला आणि सुमारे दहा वर्षांत सरला. सावरले ते मुख्यतः अधिक चांगल्या कंपनीत जाऊन, आणि ज्यांची कमाईची शक्यता मुळातच कमी होती त्यांना ते नीट जमलं नाही. वाईट वर्षात बाहेर पडलेल्याला यातून दोन गोष्टी कळतात: पहिली नोकरी हलकी लागली तर तो आपल्या लायकीचा निकाल नाही, आणि दोन-तीन वर्षांत तिथून हलायची तयारी ठेवावी लागते.

विद्यापीठाकडून मागायचं ते फार नाही. प्रत्येक विषयासाठी वर्षाला एक पान पुरेल. बॅचमध्ये किती होते, पदवी किती जणांना मिळाली, किती जणांशी संपर्क झाला, त्यातले किती शिकलेल्या विषयाच्या कामात, किती दुसऱ्या कामात, किती पुढच्या शिक्षणात, किती शोधात. पगाराचा मध्यक आणि त्याच्या खालचा व वरचा चतुर्थक, म्हणजे ज्या आकड्याच्या खाली वर्गाचा पाव भाग येतो तो आणि ज्याच्या वर पाव भाग येतो तो. पहिली नोकरी लागायला किती महिने लागले. तीच मोजणी पदवीनंतर सहा आणि १५ महिन्यांनी, दोनदा. गट पाच-सात जणांचाच असेल तर दोन-तीन वर्षं एकत्र करावीत, म्हणजे कुणाचा वैयक्तिक पगार उघड होणार नाही.

संपर्क झालेल्यांची संख्या गाळली तर बाकी पान निरुपयोगी ठरतं. २०० पैकी ९० जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले ७२ नोकरीत असले, तर पानावर ८० टक्के दिसतील. उत्तर न दिलेल्या ११० जणांपैकी कुणालाच नोकरी नसेल तर खरं प्रमाण ३६ टक्के. सगळ्यांना असेल तर ९१. ज्यांचं बरं चाललं आहे ते फोन उचलतात, बाकीचे टाळतात. त्या ११० जणांपर्यंत पोचायला एका लिपिकाचे काही आठवडे आणि एक दूरध्वनी लागेल, आणि माहितीपत्रकाच्या छपाईवर होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिलं तर ‘एवढं मनुष्यबळ आमच्याकडे नाही’ हे उत्तर किती टिकतं ते प्रवेश घेणाऱ्यांनी प्रवेशाच्या दिवशीच विचारावं.